काचेच्या नळीतली वीस मिनिटे



स्मृतिव्याख्यान हे गेलेल्या माणसाच्या नावाने दिले जाते. म्हणून ज्यांचे जाणे टळू शकले असते अशा माणसांचा विषय मी आज घेतला आहे. आपला भंडारा जिल्हा धानाचा. पावसाळा लागला की पऱ्हे उपटून बांध्यांत रोवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग पुंजणे आणि मळणी. या प्रत्येक कामात हात किंवा पाय अशा जागी जातो, जिथे डोळा आधी पोचत नाही. धुऱ्यावरचे गवत, तणसीचा ढीग, कापलेल्या धानाचे पुंजणे ही उंदरांची घरे. आणि उंदीर जिथे, तिथे घोणस, जिला विदर्भात पुष्कळ जण परड म्हणतात. तिचे विष भिनले की रक्त साकळेनासे होते. रक्तस्रावाचे विकार म्हटले की वैद्यकाच्या पुस्तकात पहिले पान हिमोफिलियाचे उघडते. आपल्याकडे मात्र या विषयाला बांधीपासून हात घालावा लागतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: रक्त न साकळण्याचे कारण आईकडून आलेले असो की सापाच्या दातातून, माणूस वाचतो की नाही हे बहुतेक वेळा शेवटच्या मोठ्या रुग्णालयात ठरत नाही. ‘याचे रक्त साकळते का?’ हा प्रश्न पहिल्या दवाखान्यात कोणी विचारला का आणि किती लवकर विचारला, यावर ते ठरते. हा प्रश्न विचारायला महागडे यंत्र लागत नाही. एक काचेची नळी लागते आणि वीस मिनिटे लागतात.

आधी रक्त साकळते म्हणजे काय होते, ते पाहू. बोट कापले की पहिल्यांदा धावून येतात त्या प्लेटलेट. डेंग्यूच्या साथींमुळे हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. त्या जखमेच्या तोंडाशी एकमेकींना चिकटून कच्चे बूच बसवतात. पण कच्चे बूच टिकत नाही. ते पक्के करायला फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे लागते आणि ते विणण्यासाठी रक्तातली अनेक प्रथिने एकामागून एक कामाला लागतात. या प्रथिनांना घटक म्हणतात आणि त्यांना रोमन क्रमांक दिलेले आहेत. एक घटक जागा झाला की तो पुढच्याला जागे करतो, तो त्याच्या पुढच्याला. शेवटी थ्रोम्बिन तयार होते आणि विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे ते धाग्यांत रूपांतर करते. १९६४ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट ग्विन मॅकफर्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी, एकाच वर्षी स्वतंत्रपणे, ही साखळी मांडून दाखवली. अमेरिकेतल्या जोडीने तिला धबधब्याची उपमा दिली. आपल्याला धबधब्यापेक्षा मालगुजारी तलाव जवळचा. यकृत हा तो तलाव भरणारा झरा, कारण यातले बहुतेक घटक यकृतात तयार होतात. तलावातून पाट निघतो, पाटातून एका बांधीतून दुसरीत पाणी उतरते आणि शेवटच्या बांधीत धान उभे राहते. एरवी सगळे पाट बंद असतात, म्हणून रक्त नसांतून पातळ वाहत राहते. जखम झाली की फक्त त्या जागेपुरता पाट फुटतो आणि काम झाले की पुन्हा बंद होतो.

हे पाणी दोन अगदी वेगळ्या रीतींनी शेवटच्या बांधीत पोचेनासे होते. पहिल्या रीतीत तलाव भरलेला असतो, पण मधला एक पाटच जन्मापासून नसतो. आठवा घटक नसला की हिमोफिलिया ए, नववा नसला की हिमोफिलिया बी. दोन्हींची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुधा मुलग्यांत दिसतो आणि आईच्या बाजूने येतो. दुसऱ्या रीतीत जन्मतः सगळे ठीक असते. पण कोणीतरी एकाच वेळी सगळी दारे उघडून टाकतो. घोणशीचे विष हेच करते. त्यातले एक विकर थेट दहाव्या घटकाला आणि दुसरे पाचव्याला चेतवते, म्हणजे साखळीचे वरचे टप्पे ओलांडून ते मधूनच पाणी सोडते. सगळ्या शरीरभर, जखम नसतानाही, थ्रोम्बिन तयार होत राहते आणि फायब्रिनोजेन खर्ची पडते. थोड्याच तासांत तलाव कोरडा होतो. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त वाहू लागते आणि कधी ते मेंदूतही उतरते. वरवर पाहता दोन्ही रुग्णांत रक्त थांबत नाही. आतून पाहता एकाला एका घटकाची उणीव आहे, दुसऱ्याची सगळी पुंजी उधळली गेली आहे. म्हणून पहिल्याला नसलेला घटक द्यावा लागतो, दुसऱ्याला आधी उधळणाऱ्याचा हात धरावा लागतो. प्रतिविषाचे काम एवढेच: ते उघडी दारे बंद करते. तलाव पुन्हा भरायचा तो यकृतानेच आणि त्याला साधारण सहा तास लागतात. हे सहा तास लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

या दोन रीतींचे नाते नुसत्या उपमेपुरते नाही, ते इतिहासातही आहे. साखळी मांडणाऱ्या मॅकफर्लेन यांनी त्याआधी तीस वर्षे, १९३४ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळणाऱ्या बर्जेस बार्नेट यांच्यासह सापांची विषे तपासली. घोणशीचे विष कमालीचे विरळ केले तरी हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त नळीत साकळते, असे त्यांना आढळले. कारण आज आपल्याला कळते: विष आठव्या-नवव्या घटकाच्या पुढच्या पाटावरच काम करत असल्याने आठव्याची उणीव त्याला अडवत नाही. दात काढल्यावर न थांबणारे रक्त थांबवायला हे विरळ विष कापसाच्या बोळ्याने लावले जाऊ लागले. घोणशीच्या विषावर आधारलेली एक रक्तचाचणी प्रयोगशाळांत आजही वापरात आहे. रक्त कसे साकळते हे माणूस बऱ्याच अंशी या सापाकडून शिकला. ज्या सापाने हे शिकवले तोच ज्यांच्या बांधीत राहतो, त्यांच्यापर्यंत ही विद्या किती पोचली, हा खरा प्रश्न आहे.

ती पोचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वीस मिनिटांची चाचणी. रुग्णाच्या शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवायचे, वीस मिनिटे हात लावायचा नाही आणि मग नळी एकदाच कलती करायची. रक्त गोळा होऊन बसले असेल तर ठीक. पाण्यासारखे ओघळले तर विष रक्तात भिनले आहे. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. काच हवी, कारण काचेचा स्पर्शच साकळण्याच्या साखळीला चालना देतो. प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहू शकते. नवी हवी, कारण साबणाने किंवा धुण्याच्या पावडरीने धुतलेल्या नळीतला अंश ती चालना मारतो. हात लावायचा नाही, कारण पाच-पाच मिनिटांनी हलवून पाहिलेले रक्त खोटे बोलते. आणि ही चाचणी एकदा करून संपत नाही. पहिल्या वेळी साकळले तरी पुन्हा पाहावे लागते, कारण विष हळूहळू भिनत असते. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी तर पाहावेच लागते, कारण तलाव भरायला तेवढाच वेळ लागतो. आधी पाहिले तर औषध लागू पडूनही नळी पातळ दिसते आणि गरज नसताना आणखी बाटल्या जातात. सहा तासांनंतरही पातळ असेल, तर कुठेतरी दारे अजून उघडी आहेत आणि पुढचा डोस द्यायला हवा.

पहिला आक्षेप शास्त्रज्ञांकडूनच येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ही चाचणी ढोबळ आहे, ती पुष्कळ रुग्णांना निसटू देते, असे ते म्हणतात. श्रीलंकेतल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोणस चावलेल्या रुग्णांची वॉर्डातल्या नेहमीच्या पद्धतीने झालेली चाचणी प्रयोगशाळेच्या मोजमापाशी ताडून पाहिली, तेव्हा बिघाड असलेल्यांपैकी जेमतेम ४० टक्केच तिच्यात सापडले. यावर थांबले तर नळी फेकून द्यावी असेच वाटेल. पण त्याच देशात, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कर्मचाऱ्यांना नीट शिकवून, ठरावीक नळी वापरून, घड्याळ लावून चाचणी केली, तर हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले. साप तोच आणि चाचणीही तीच. फरक पडला तो हाताच्या शिस्तीने. म्हणजे या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष चाचणी सोडून द्या असा नसून चाचणी शिकवा असा आहे. उरलेले वीस टक्के मात्र खरे आहेत आणि ते लपवता कामा नयेत. नळी साकळली म्हणून रुग्णाला घरी पाठवायचे नाही, हे त्यांनीच शिकवले पाहिजे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते, त्यात रक्त नीट साकळते. तिथे नळीवर विसंबणे घातक ठरते, तिथे पापण्या जड होतात का ते पाहायचे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढी कटकट कशाला, चावला की प्रतिविष द्या, नाहीतर गाडीत घालून नागपूरला न्या. यातला पहिला भाग पाहू. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असते आणि ते घोड्याच्या रक्तापासून बनते. मुंबईतल्या हाफकिन संस्थेचे नाव त्यासाठी पिढ्यान्पिढ्या घेतले जाते. परक्या प्राण्याचे प्रथिन शरीरात गेले की काहींना तीव्र ॲलर्जी येते, रक्तदाब कोसळतो. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी; विषारी साप चावूनही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. सगळ्यांना सरसकट दिले तर औषधाचा धोका अशांनाही पत्करावा लागेल, ज्यांना सापाचा धोका नव्हताच. उलट ज्याला हवे त्याला भरपूर हवे. घोणस सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. एका मिलिलिटर प्रतिविषाने ०.६ मिलिग्रॅम निष्प्रभ होते, म्हणून सुरुवातच दहा मिलिलिटरच्या दहा बाटल्यांनी करावी लागते. शिवाय या औषधासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले आहे. तिकडच्या घोणशीच्या विषावर बेतलेले औषध इकडच्या रुग्णाला किती लागू पडले, हे खाटेजवळ उभे राहून सांगणारी वस्तू लहान दवाखान्यात एकच असते, ती म्हणजे ही नळी.

आता गाडीत घालण्याविषयी. भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटरच्या आसपास. लाखांदूर किंवा साकोलीकडच्या गावातून निघालेल्याला आधी भंडारा गाठायचा आहे. वाटेतला प्रत्येक तास विष मोकळे फिरते आणि रक्तानंतर मूत्रपिंडांची पाळी येते. भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा २०११ साली प्रसिद्ध झालेला राष्ट्रीय अभ्यास सांगतो की, वर्षाला सुमारे ४६,००० माणसे दगावत होती आणि त्यांतली चारातली तीन रुग्णालयाबाहेर. नंतरच्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांचा हिशेब केला, तो बारा लाख मृत्यूंचा निघाला; २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखच होती. मोठ्या रुग्णालयाची गरज कोण नाकारील? डायलिसिस तिथेच होणार. पण पहिली नळी आणि पहिल्या बाटल्या गावाजवळ नसतील, तर मोठे रुग्णालय मूत्रपिंडे निकामी झाल्यावरच कामाला येते.

तिसरा आक्षेप असा की, लोकच मांत्रिकाकडे जातात, त्याला दवाखाना काय करणार? मांत्रिकाची पत टिकून आहे, ती लोक अडाणी आहेत म्हणून नाही. बहुतेक साप बिनविषारी असल्याने त्याच्याकडे गेलेले बहुतेक जण बरे होतात आणि ते त्याच्या खात्यावर जमा होतात. त्याच्याशी वाद घालून हे खाते मोडत नाही. जवळच्या दवाखान्यात नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर नळी ठेवली आणि वीस मिनिटांनी तिच्यातले रक्त पाण्यासारखे ओघळलेले त्यांनी पाहिले, की भाषण करावे लागत नाही. विष भिनले की नाही, हे मांत्रिक दाखवू शकत नाही, नळी दाखवते. करकचून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, चोखणे हे सगळे का थांबवायचे, हेही त्याच नळीतून समजते: ज्याचे रक्त साकळत नाही त्याला चिरणे म्हणजे दुसरी न बुजणारी जखम करणे. याच कारणाने रक्त साकळू लागेपर्यंत स्नायूतले इंजेक्शनही टाळायचे असते.

लहान जागी असे शिस्तीचे काम होत नाही, हा समज महाराष्ट्राने दोनदा खोटा पाडला आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाने दगावणाऱ्या मुलांची नीट निरीक्षणे नोंदली, प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून पाहिले आणि १९८६ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणले. शंभरातली तीसेक मुले जिथे जात होती तिथे एखाद-दुसरे जाऊ लागले. दुसरा दाखला आपल्या घरचाच आहे. सिकलसेलच्या शोधासाठी विदर्भातल्या आरोग्य केंद्रांवर विद्राव्यता चाचणी पोचली: थोडे रक्त, एक नळी, द्रावण गढूळ झाले की रुग्णाचा नमुना पुढच्या पक्क्या तपासणीसाठी जिल्ह्याला. ढोबळ प्रश्न गावात, बारीक उत्तर जिल्ह्यात, ही रचना भंडाऱ्याला नवी नाही. एका रक्तविकारासाठी जी बसली, ती दुसऱ्यासाठी बसवता येणार नाही असे म्हणायला आधार नाही.

आता हिमोफिलियाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथे आहे. वीस मिनिटांची नळी हिमोफिलियाची चाचणी नव्हे. सौम्य हिमोफिलियात ती साफ फसवते. त्याला प्रयोगशाळेत साकळण्याच्या वेळा मोजाव्या लागतात आणि मग घटकाचे प्रमाण काढावे लागते. पण प्रश्न तोच आहे आणि तो पहिल्या दवाखान्यातच विचारायचा आहे. रांगायला लागलेल्या मुलाचा गुडघा वारंवार सुजतो, लस टोचल्यावर मांडीवर गाठ येते, दुधाचा दात पडल्यावर दोन दिवस रक्त झिरपत राहते: इथे वाताचे तेल चोळून देण्याआधी ‘मामाला असे होत होते का?’ एवढे विचारले तरी अर्धी वाट सरते. मामा नसला तरी शंका सोडायची नाही, कारण सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कोणीच नसते. बायकांना तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. पाळीत फार अंगावरून जाणे हे नशिबाचे मानले जाते. त्यामागे फॉन विलेब्रांड हा, स्त्री-पुरुष दोघांनाही होणारा विकार असू शकतो, हे ध्यानात येत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा. हिमोफिलिया ए साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. जिल्ह्यातले सहा लाख पुरुष धरले तर आकडा एकशेवीसच्या आसपास येतो. ही शिरगणती नव्हे, नुसता भागाकार आहे. एकशेवीस जणांसाठी एवढा खटाटोप का? कारण रोग विरळ असला की तो ओळखणाराही विरळ होतो आणि न ओळखलेल्या मुलाचा गुडघा आतल्या आत पुन्हा पुन्हा रक्त साठून कायमचा आखडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले ते योग्यच झाले. पण वेळेवर ओळखले असते तर यातले बरेच दिव्यांगत्व आलेच नसते, हेही त्याबरोबर मान्य करावे लागते. उपचार महाग आहेत, पण ते आता हाताबाहेरचेही राहिलेले नाहीत. घटक थोड्या प्रमाणात नियमित दिला तरी सांधे वाचतात. आठव्या घटकाचे काम करणारे, कातडीखाली टोचायचे एमिसिझुमॅब आले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२४ साली पाच रुग्णांवरच्या जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेल्लोरचे ज्ञान कधीतरी भंडाऱ्याला येईल. ज्याचे निदानच झालेले नाही त्याला मात्र ते आले तरी मिळणार नाही. सापाच्या बाबतीत पैशाचा हिशेब आणखी उघड आहे. शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण मरणानंतर दोन लाख देणाऱ्या व्यवस्थेला मरणाआधी काचेच्या नळ्यांचा खोका परवडत नाही, हे पटणारे नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्यात ठरले आहे. हा आकडा दिल्लीत निम्मा होणार नाही. तो कमी होईल तो तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी आणि भंडारा या तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत. तिथे रोवणीच्या आधी नव्या नळ्यांचा साठा आला का, त्या धुऊन पुन्हा वापरल्या जात नाहीत ना, नळी ठेवल्याची आणि कलती केल्याची वेळ नोंदवहीत लिहिली जाते का, सहा तासांनंतरच्या दुसऱ्या नळीची नोंद आहे का आणि नागपूरला पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ती वेळ आहे का, ही पाच गोष्टींची यादी आहे. ती तपासायला डॉक्टर असावे लागत नाही. ग्रामसभेतला कोणीही नोंदवही मागू शकतो आणि दोन वेळांमधले अंतर वीस मिनिटांचे आहे का, हे पाहू शकतो.